पाळणाघराच्या दाराबाहेरच्या चपला

या महिन्यात पाळणाघरांविषयी बरीच पत्रे आली. त्यांतली चार निवडून उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार छापलेली नाहीत.

प्रश्न : माननीय ताई, सप्रेम नमस्कार. मी वारज्यात राहते आणि हिंजवडीतील एका कंपनीत नोकरी करते. माझी मुलगी सहा महिन्यांची झाली असून पुढील महिन्याच्या एक तारखेला मला कामावर रुजू व्हायचे आहे. सासूबाईंना गुडघ्यांचा त्रास असल्यामुळे त्या साताऱ्याहून येऊ शकत नाहीत आणि माझी आई अजून स्वतःच नोकरीत आहे. आमच्यासमोर तीन पाळणाघरे आहेत. एक आमच्याच सोसायटीतील काकू चालवतात. त्यांच्या दारावर पाटीसुद्धा नाही. दुसऱ्या ठिकाणी ‘सरकारमान्य’ अशी ठळक पाटी आहे. तिसरे कोथरूडमध्ये आहे. ते महागडे असून तिथे प्रत्येक खोलीत कॅमेरा आहे. यजमानांचे म्हणणे असे, की परवाना असलेलेच निवडावे. हा परवाना नेमका कोणता मागायचा आणि तो असला म्हणजे निर्धास्त राहावे काय?
(एक वाचक, वारजे)

उत्तर : यजमानांचा आग्रह रास्त आहे, पण ‘परवाना’ या एका शब्दाखाली पाळणाघरांच्या भिंतीवर काय काय लावलेले असते, ते आधी नीट पाहून घ्या. औषधाच्या दुकानातला परवाना म्हणजे कोणी निरीक्षक येऊन जागा पाहून गेल्याची खूण असते. घरगुती पाळणाघरात चौकटीत लावलेला कागद बहुतेक वेळा त्या जातीचा नसतो. सर्वांत जास्त आढळतो तो ‘शॉप ॲक्ट’चा कागद, ज्याला जुनी माणसे अजूनही गुमास्ता म्हणतात. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार थोडे कामगार असलेल्या आस्थापनेने ऑनलाइन सूचना द्यायची असते आणि तिची पावती मिळते. त्या पावतीसाठी घराची पाहणी होत नाही, गॅलरीला जाळी आहे का हे कोणी विचारत नाही, मुले किती आहेत हेही कोणी मोजत नाही. उद्यम नोंदणीचेही तसेच आहे. ती व्यवसायाने स्वतः दिलेल्या माहितीवर मिळते. पाळणाघरात जेवण शिजवून देत असतील, तर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा अंकी क्रमांक असायला हवा, पण त्याचा संबंध वरण-भाताशी आहे, बाळाला कोण उचलून घेते याच्याशी नाही. ‘सरकारमान्य’ पाटी पाहिली की मी तीन प्रश्न विचारते: कोणत्या कायद्याखाली, कोणत्या कार्यालयाने, आणि त्या कार्यालयातून प्रत्यक्ष पाहायला कोण व केव्हा आले होते? तिसऱ्या प्रश्नाला बहुधा चहाचा आग्रह सुरू होतो.

एक कागद मात्र असा आहे, जो मागण्याचा आपल्याला पुरेपूर अधिकार आहे आणि जो फार थोडे पालक मागतात. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा कायदा, म्हणजे पोक्सो, २०१२ चा आहे आणि त्याचे सध्याचे नियम २०२० चे. मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या प्रत्येक संस्थेने आपल्या सर्व कर्मचाऱ्यांची, मग ते कायम असोत की कंत्राटी, पोलीस पडताळणी आणि पूर्वचौकशी ठरावीक काळाने करून घेतलीच पाहिजे, असे त्या नियमांत म्हटले आहे, आणि अशा संस्थांच्या उल्लेखात शाळांच्या बरोबरीने पाळणाघरांचे नाव स्पष्ट घेतलेले आहे. चारित्र्य पडताळणीचे प्रमाणपत्र पोलिसांकडे ऑनलाइन अर्ज करून मिळते. तेव्हा मावशींचे, स्वयंपाकाच्या बाईंचे आणि मुलांना घ्यायला-सोडायला रिक्षा असेल तर रिक्षावाल्या काकांचेही प्रमाणपत्र पाहायला मागा आणि त्यावरची तारीख वाचा. घरगुती पाळणाघर असेल, तर त्या घरात दिवसा कोण कोण असते, हा प्रश्नही यातच येतो. निवृत्त यजमान, कॉलेजात जाणारा मुलगा, दुपारी झोपायला येणारा भाचा, यांच्याविषयी विचारताना संकोच वाटतो खरा, पण जी बाई हे काम मनापासून करते तिला या प्रश्नाचा राग येत नाही. ज्यांना राग येतो, त्यांचा तो राग लक्षात ठेवा.

आता कागदांपेक्षा महत्त्वाच्या गोष्टीकडे येते. एका माणसाकडे किती मुले आहेत, यावर बाळाची सुरक्षितता जितकी अवलंबून असते तितकी दुसऱ्या कशावरही नसते. केंद्र सरकारच्या २०१३ च्या बालसंगोपन व शिक्षण धोरणाबरोबर आलेल्या मानकांत तीन वर्षांखालील दहा मुलांमागे एक प्रौढ आणि तीन ते सहा वयाच्या वीस मुलांमागे एक प्रौढ असे प्रमाण धरले आहे. तीस मुलांच्या गटासाठी किमान ३५ चौरस मीटरची, म्हणजे सुमारे पावणेचारशे चौरस फुटांची खोली धरली आहे. हे प्रमाण मला स्वतःला फार सैल वाटते. दहा रांगती बाळे एकट्या बाईने कशी सांभाळावीत, याची कल्पना करून पाहा. एकाची शी धुवायला ती न्हाणीघरात गेली, की नऊ बाळे मोकळी. न चालणाऱ्या बाळांच्या बाबतीत एका बाईकडे चारापेक्षा जास्त बाळे असतील, तर मी तिथून निघते. हे माझे मत आहे, नियम नव्हे. मोजताना स्वयंपाक करणाऱ्या बाईंना मोजायचे नाही आणि दारावरची बेल, फोन, फी घेणे यांत गुंतलेल्या मालकीणबाईंनाही पूर्ण एक मोजायचे नाही.

काही वर्षांपूर्वी माझ्या भाचीसाठी मी एका पाळणाघराची चौकशी करायला गेले होते. शहराच्या पश्चिम भागातला दोन खोल्यांचा फ्लॅट होता. दार उघडायच्या आधीच जिन्याजवळच्या मांडणीकडे माझे लक्ष गेले. चिमुकल्या चपला-बुटांचे चौदा जोड होते. एक तर अंगठ्याएवढा, लाल, शिट्टी वाजणारा. आत बाईंनी हसून सांगितले, “आठच मुलं घेतो आम्ही, जास्त घेतच नाही.” मी म्हटले, “बाकीचे जोड कोणाचे?” त्यावर त्या म्हणाल्या, की काही मुले फक्त शाळा सुटल्यावर दोन तास येतात. ते खरेही असेल, परंतु माझा प्रश्न दुपारी दीड वाजताचा होता, आणि दुपारी दीड वाजता त्या घरात दोन बायका होत्या, त्यांतली एक पोळ्या लाटत होती. न चालणाऱ्या बाळांना तर चपलाच नसतात, हे माझ्या जिना उतरताना ध्यानात आले. तेव्हापासून पाळणाघर पाहायला गेले, की मी आधी चपला मोजते, मग आत वाळत घातलेली दुपटी.

पाहायला जाण्याची वेळही महत्त्वाची आहे. सकाळी अकरा वाजता, आधी फोन करून गेलात, तर सगळीच पाळणाघरे छान दिसतात. जेवणाच्या वेळेला, म्हणजे साडेबारा ते दीड, आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास, जेव्हा बायका थकलेल्या आणि मुले कंटाळलेली असतात, तेव्हा न सांगता जा. दारात थांबवले तर हरकत नाही, अनोळखी माणसाला सरळ आत घेऊ नये हे बरोबरच आहे. पण प्रवेश घेतल्यानंतरही आईवडिलांना केव्हाही येण्याची मुभा नसेल, तर ते पाळणाघर यादीतून काढून टाका.

आत गेल्यावर खेळणी, भिंतीवरचे ससे आणि रंगीत चटया यांच्यात जीव गुंतवू नका. पाण्याकडे पाहा. पुण्यात देखभालीसाठी पाणी बंद ठेवायचे तर ते बहुधा गुरुवारी असते आणि आदल्या रात्री घरोघर बादल्या, पिंप, टब भरून ठेवले जातात. उभे राहू लागलेले बाळ बादलीत वाकून डोक्यावर पडले, तर काही इंच पाण्यातही गुदमरते आणि त्याचा आवाजही होत नाही. म्हणून न्हाणीघराला बाहेरून, मुलांच्या हाताबाहेर कडी आहे का आणि ती लावलेली असते का, हे पाहण्यासाठी गुरुवारसारखा दिवस नाही. गॅलरीच्या जाळीच्या आडव्या गजांवर मुले पाय देऊन चढतात. गॅलरीत कुंड्या, स्टूल किंवा जुना टीपॉय असेल तर जाळी असून नसल्यासारखी. मुख्य दाराला वरची कडी हवी, आणि सगळ्या खिडक्यांना पक्के गज असतील तर आग लागल्यास बाहेर पडायला दुसरी वाट कोणती, हेही विचारून ठेवा. स्वयंपाकघराच्या दाराला छोटे फाटक हवे. आग विझवण्याचे नळकांडे असेल तर त्यावरील तारीख वाचा. ते बऱ्याच ठिकाणी शोभेला असते.

आपली मुलगी सहा महिन्यांची असल्यामुळे दोन गोष्टी अधिक बारकाईने पाहाव्या लागतील. पहिली झोप. वर्षाखालच्या बाळाला पाठीवर, उताणे, सपाट आणि बेताच्या टणक गादीवर, उशीशिवाय झोपवायचे असते, आणि तोंडावर येईल असे पांघरूण घालायचे नसते. आपल्याकडे साडीची झोळी सर्रास बांधतात आणि मुले तिच्यात शांत झोपतात, हे मला ठाऊक आहे. परंतु झोळीत मान पुढे दुमडते आणि कापड नाकाशी येते, त्यामुळे परक्या घरात, जिथे कोणी सतत डोळ्यांसमोर बसलेले नसते, तिथे झोळीला मी नकार देईन. दुसरी गोष्ट दूध. अंगावरचे दूध काढून ठेवणार असाल, तर डब्यावर नाव, तारीख आणि वेळ लिहा आणि फ्रिजमध्ये ते कुठे ठेवतात, ते स्वतः पाहा. असे दूध बाहेर चार तासांपेक्षा जास्त ठेवू नये आणि पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये तेवढेही नको. पावडरचे दूध असेल तर ते उकळलेल्या आणि सत्तर अंशांखाली न गेलेल्या पाण्यात कालवायचे, बाळाला सोसेल इतके निववून द्यायचे आणि केल्यापासून दोन तासांत संपवायचे. उरलेले ओतून द्यायचे. चमच्यांचे माप पाळले जाते का, याकडे लक्ष असू द्या. महिन्याचा डबा दीड महिना पुरू लागला, तर त्यात कौतुक करण्यासारखे काही नाही. मध वर्षाच्या आत देऊ नये आणि अख्खे शेंगदाणे, फुटाणे, द्राक्षे लहान मुलांच्या हाती लागू नयेत, हेही एकदा बोलून घ्या, कारण मोठ्या मुलाच्या खाऊच्या डब्यातून ते धाकट्याच्या तोंडात जातात.

औषधांविषयी एक कडक नियम करा: आपल्या लेखी सूचनेशिवाय एक थेंबही द्यायचा नाही. सर्दी-खोकल्याच्या बऱ्याच औषधांनी मुलांना गुंगी येते, आणि दहा मुलांना एकाच वेळी झोपवायचे असेल तर हा मोह कसा होतो, ते सांगायला नको. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने दोन वर्षांखालील मुलांना खोकल्या-सर्दीची औषधे देऊ नयेत, असे राज्यांना कळवलेले आहे. मूल संध्याकाळी घरी येऊनही पेंगत असेल, हाक मारल्यावर डोळे नीट उघडत नसेल आणि हे वारंवार होत असेल, तर आपल्या बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि पाळणाघरात त्या दिवशी काय काय दिले, ते सरळ विचारा.

आता आपल्या तीन जागांविषयी. मी आपल्या ठिकाणी असते तर प्रथम सोसायटीतल्या काकूंचे घर पाहिले असते. वारज्याहून हिंजवडीला गेलेल्या आईला संध्याकाळी महामार्गावर किती वेळ लागेल, याचा भरवसा नसतो. अशा वेळी मूल आपल्याच आवारात, शेजारणीच्या नजरेसमोर असणे ही फार मोठी गोष्ट आहे. पण ओळखीच्या माणसाकडे ठेवण्यात एक धोका असतो आणि तो म्हणजे भीड. काकूंकडे पडताळणीचा कागद कसा मागायचा, बाळ रडत का होते हे कसे विचारायचे, हळदीकुंकवाला समोरासमोर यायचे असते, असे मनात येत राहते आणि विचारायचे राहून जाते. म्हणून पहिल्याच दिवशी, नाते बिघडण्यासारखे काही घडलेले नसताना, सगळे एका कागदावर लिहून दोघींनी सही करा: वेळ, फी, सुट्ट्या, आजारपणाचे नियम, बाळाला न्यायला कोण कोण येऊ शकते त्यांची नावे, आणि काकू स्वतः तापाने झोपल्या तर त्या दिवशी मुलांना कोण पाहणार. या शेवटच्या प्रश्नाला एकट्या चालवणाऱ्या बाईंकडे बहुधा उत्तर नसते, आणि तिथे मात्र कोथरूडचे, चार-पाच बायका असलेले पाळणाघर सरस ठरू शकते. ‘सरकारमान्य’ पाटीच्या जागी वरचे तीन प्रश्न विचारल्याशिवाय जाऊ नका.

कोणतीही जागा ठरवलीत, तरी रुजू होण्याच्या आदल्या दिवशी बाळाला तिथे पहिल्यांदा नेऊ नका. दहा-बारा दिवस आधीपासून पहिल्यांदा आपण सोबत बसून एक तास, मग आपल्याशिवाय एक तास, मग जेवण-झोपेसह अर्धा दिवस असे वाढवत न्या. त्या तासाभरात खाली बाकावर बसून रडू आले तर येऊ द्या.

प्रश्न : ताई, माझा दोन वर्षांचा नातू गेल्या तीन महिन्यांपासून पाळणाघरात जातो. गेल्या आठवड्यात त्याच्या दंडावर चावल्याची खूण होती. सकाळी जाताना तो मुलीच्या गळ्याला मिठी मारून रडतो. मुलगी म्हणते, “आई, मोबाइलवर कॅमेरा दिसतो, काळजी करू नकोस.” मला मात्र रात्री झोप येत नाही. मी उगाच घाबरते आहे का?
(एक आजी, सिंहगड रस्ता)

उत्तर : आजी, चावल्याची खूण पाहून आपला जीव वर-खाली झाला असेल, पण एक ते तीन वर्षांची मुले एकमेकांना चावतात, आणि शब्द अजून पुरेसे नसल्यामुळे चावतात. चांगल्यातल्या चांगल्या पाळणाघरातही हे घडते. मी त्या खुणेपेक्षा एका गोष्टीला अधिक महत्त्व देते: ती खूण तुम्हाला कोणी दाखवली? मावशींनी दारातच “आज गाडीवरून भांडण झाले, दुसऱ्याने चावले, आम्ही धुऊन बर्फ लावला” असे आपणहून सांगितले असेल, तर शांत झोपा. अंघोळीच्या वेळी तुम्हालाच ती दिसली आणि विचारल्यावर “काही नाही हो, पडला असेल” असे उत्तर आले असेल, तर तुमची झोप उडाली ते बरोबरच झाले.

सकाळचे रडणेही तसेच तपासून पाहावे लागते. आई दिसेनाशी झाल्यावर पाच-दहा मिनिटांत खेळायला लागणारे आणि संध्याकाळी हसत अंगावर येणारे मूल रुळत आहे, एवढाच त्याचा अर्थ असतो. मात्र तीन महिन्यांनंतर अचानक रडणे सुरू झाले, झोपेत दचकणे वाढले, शू-शी सांगायला शिकलेले मूल पुन्हा कपड्यांत करू लागले, एका विशिष्ट माणसाचे नाव निघताच गप्प झाले, तर ते रडणे निराळे. जखमांमध्येही फरक असतो. गुडघे, कोपर, कपाळ येथे पडल्याचे डाग येतातच. कानांवर, मानेवर, पाठीवर, पोटावर किंवा मांडीच्या आतल्या बाजूला आलेले डाग सहसा पडून येत नाहीत. ज्या बाळाला रांगताही येत नाही त्याच्या अंगावर काळानिळा डाग दिसला, तर तो कोठेही असो, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.

कॅमेऱ्याविषयी मुलीला माझे म्हणणे सांगा. २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये नवी मुंबईत खारघर येथील एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला तेथील बाईने मारहाण केली, आणि ते सगळे कॅमेऱ्यात चित्रित झालेले होते. मारहाण चालू असताना तो कॅमेरा पाहत कोणी बसले नव्हते. चित्रण पाहिले गेले ते नंतर. कॅमेरा पुरावा देतो. मारणारा हात त्याने अडत नाही. शिवाय न्हाणीघरात तो नसतो, आणि नसावाच. मुलगी दिवसभर मीटिंगमध्ये असताना चौकटीत सहा हलते ठिपके पाहून तिला किती कळणार? त्याउलट तुम्ही सिंहगड रस्त्यावरच राहता. आठवड्यातून एखाद्या दुपारी, वार बदलून, नातवाला अर्धा तास आधी आणायला जा. आजीने दारात उभे राहून “काय जेवला आज?” असे विचारणे मला कॅमेऱ्याइतकेच मोलाचे वाटते.

संशय बळावला, तर पाळणाघरात जाऊन भांडण करण्यात वेळ घालवू नका. आधी मुलाला तिथून काढा, डॉक्टरांना दाखवून लेखी नोंद घ्या, छायाचित्रे तारखेसह ठेवा आणि चित्रण जपून ठेवण्याची मागणी लेखी करा, कारण बहुतेक यंत्रांत जुने चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसले जाते. मुलांसाठीची १०९८ ही मदतवाहिनी चोवीस तास चालू असते; तातडीची वेळ असेल तर ११२. बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७५ नुसार मुलाला सांभाळण्याची जबाबदारी असलेल्या संस्थेतील कर्मचाऱ्याने क्रौर्य केले, तर पाच वर्षांपर्यंत सश्रम कारावास आणि पाच लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आणि लैंगिक अत्याचाराची शंका असेल, तर पोक्सोच्या कलम १९ नुसार ती पोलिसांना कळवणे हे प्रत्येकावर बंधनकारक आहे. “बदनामी नको” म्हणून घरात दाबून ठेवण्याची मोकळीक कायद्याने कोणालाही दिलेली नाही, अगदी आजीलाही नाही.

प्रश्न : मी धायरीत राहते. माझी दोन्ही मुले मोठी झाल्यामुळे घरातच चार-पाच मुलांचे पाळणाघर सुरू करावे असा विचार आहे. कोणती परवानगी लागेल? सोसायटीतले एक काका आतापासूनच कुरकुर करत आहेत.

उत्तर : काकांपासून सुरुवात करा. सोसायटीच्या कार्यकारिणीला अर्ज देऊन लेखी ना-हरकत घ्या, भाड्याचे घर असेल तर घरमालकाचीही घ्या, आणि दुपारी मुले जिन्यात खेळणार नाहीत, असे त्यांना आपणहून सांगा. निम्मी कुरकुर तिथेच थांबते. शॉप ॲक्टची सूचना, जेवण देणार असाल तर अन्नसुरक्षेची नोंदणी, स्वतःसह घरातल्या प्रौढांची पोलीस पडताळणी आणि प्रथमोपचाराचे, विशेषतः घशात काही अडकल्यास काय करावे याचे शिक्षण, एवढे पहिल्या मुलाला घेण्याआधी पूर्ण करा. पाटीवर ‘सरकारमान्य’ लिहू नका.

प्रत्येक मुलासाठी एक वही ठेवा. तिच्यात लसीकरणाच्या कार्डाची प्रत, डॉक्टरांचा फोन, ॲलर्जी, रक्तगट आणि रोजच्या खाण्या-झोपण्याच्या दोन ओळी असू द्या. ताप असलेले मूल घेऊ नका. औषधाशिवाय ताप उतरून चोवीस तास झाले की घ्या. पावसाळ्यात हात-पाय-तोंडावर पुरळ येण्याची साथ एका मुलाकडून सगळ्यांकडे जाते आणि मग तुमचे पाळणाघर आठवडाभर बंद राहते, त्यामुळे हा नियम पालकांच्या भल्याइतकाच तुमच्याही भल्याचा आहे. आणि पाचच घ्या. सहावे मूल नेहमी जवळच्या मैत्रिणीचे असते, “फक्त पंधरा दिवस” असे म्हणून येते, आणि वर्षभर राहते.

प्रश्न : माझी पत्नी खराडीतील सुमारे दोनशे कर्मचाऱ्यांच्या कंपनीत आहे. पाळणाघराविषयी विचारल्यावर ‘आमच्याकडे अशी सोय नाही’ एवढेच उत्तर मिळाले. कायदा काय म्हणतो?
(एक वाचक, चंदननगर)

उत्तर : मातृत्व लाभ कायद्यात २०१७ मध्ये दुरुस्ती झाली, तेव्हा २६ आठवड्यांची रजा सर्वांच्या लक्षात राहिली; त्याच दुरुस्तीतील पाळणाघराचे कलम मात्र बऱ्याच जणांच्या वाचनातून निसटले. ५० किंवा त्यापेक्षा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेने ठरावीक अंतरात पाळणाघराची सोय द्यायची असते. ती स्वतःची असो वा इतरांबरोबर सामायिक. आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊन येण्याची मुभा असते आणि तिच्या विश्रांतीचा वेळही त्यातच धरला जातो. आता त्या कायद्याची जागा २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे आणि हीच तरतूद तिच्यातही आहे. कर्मचाऱ्यांच्या संख्येत पुरुषही धरायचे असतात, त्यामुळे ‘आमच्याकडे बायका कमी आहेत’ हे उत्तर चालत नाही.

पत्नीने तोंडी विचारणे थांबवून मनुष्यबळ विभागाला ई-मेल करावा आणि सोय कोठे व कोणत्या तारखेपासून मिळेल, असा प्रश्न त्यात विचारावा. त्या मजल्यावर लहान मुले असलेल्या आणखी तीन-चार जणी आणि जणही असतीलच; ई-मेल सर्वांच्या नावाने गेला तर उत्तर लवकर येते. पंधरा-वीस दिवसांत काहीच हालचाल झाली नाही, तर त्याच ई-मेलची प्रत जोडून कामगार आयुक्त कार्यालयाकडे अर्ज देता येतो. कंपनीने एखाद्या बाहेरच्या पाळणाघराशी करार करून दिला, तरी तिथे जाऊन चपला मोजण्याचे काम तुम्हा दोघांनाच करावे लागेल, आणि शनिवारी ते बंद असते का, हेही करार होण्यापूर्वीच विचारून घ्या.